कुंडीतल्या किडीला सीओटूचा डोस: कुणी करून बघितलंय का?

कळंबा_गच्ची | १६ फेब्रुवारी, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. कळंब्याकडं राहतो, गच्चीवर साठेक कुंड्या आहेत. जास्वंदीला पिठ्या ढेकूण इतका लागलाय की लांबनं बघितलं तर कुणीतरी फांद्यांना कापूस चिकटवलाय असं वाटतं. गुलाबाला लाल कोळी, पानामागची रस शोषणारी बारीक कीड. निंबोळी तेल झालं, साबणाचं पाणी झालं, शेजारच्या मामांनी सांगितलेलं तंबाखूचं पाणीसुद्धा झालं. आठ दिवस बरं असतं, नवव्या दिवशी ये रे माझ्या मागल्या.

आता डोक्यात एक किडा आलाय. धाकटा भाऊ शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहे. तिथं कोअर, म्हणजे ओतकामाच्या साच्यातला वाळूचा गाभा, टणक करायला सीओटूचे, म्हणजे कर्बवायूचे, सिलेंडर लागतात, एखादा मिळू शकतो. जिन्याखाली आठ बाय सहाची खोली आहे. सगळ्या कुंड्या आत ठेवायच्या, दाराच्या फटी बुजवायच्या, सिलेंडर सोडायचा, तासाभरात काम तमाम. झाडाला कर्बवायू हवाच असतो, म्हणजे झाडाचं भलं आणि किडीचं वाटोळं. मागं विष राहत नाही, वास नाही.

कुणी केलंय का? इस्कटून सांगा.

कट_वाढा | १६ फेब्रुवारी, रात्री १०:५२

तासाभरात काम तमाम होईल भावा, फक्त कुणाचं ते बघ.

फौंड्रीवाला | १६ फेब्रुवारी, रात्री ११:१५

वरच्या प्रतिसादाला हसू नका, खरं आहे ते.

मी बावीस वर्षं कोअर शॉपला काढली. वाळूत सोडियम सिलिकेट मिसळायचं, कोअर बॉक्समध्ये ठोकून भरायचं आणि नळीनं सीओटू मारायचा. काही सेकंदांत वाळू दगडासारखी होते. हा वायू आम्हाला घरच्यासारखा, म्हणूनच सांगतो. आमच्या शॉपच्या कोपऱ्यात छातीएवढा खड्डा होता. एका सिलेंडरची नळी रात्रभर गळत होती, कुणाच्या लक्षात आलं नाही. सकाळी एक पोरगा खाली पडलेला पाना घ्यायला उतरला. वाकला आणि वाकलेलाच राहिला. वर उभ्या असलेल्या दोघांना काहीच वाटत नव्हतं, ते बिडी ओढत होते. दोरी टाकून ओढला म्हणून वाचला. दुसरा कुणी त्याला काढायला खड्डयात उतरला नाही हे नशीब, नाहीतर दोघं गेले असते.

हा वायू हवेपेक्षा दीडपट जड. पाण्यासारखा उताराला जातो. तुमची खोली जिन्याखाली आणि जिना घरात उतरतो. खाली कोण झोपतं?

कळंबा_गच्ची | १६ फेब्रुवारी, रात्री ११:२१

आई. ... बरं, खोली रद्द.

रसायनवाली_काकू | १७ फेब्रुवारी, सकाळी ७:०५

रात्री झोपलो म्हणून आता लिहितो. (होय, मी बाईच आहे, आणि 'झोपलो'च म्हणतो. कोल्हापूर आहे हे.) कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त.

आधी खोलीचा हिशोब. ८×६×८ फूट म्हणजे साधारण ११ घनमीटर. वायू सोडताना आतली हवाही त्याच्यात मिसळून बाहेर जात राहते, त्यामुळं कीड मारायला लागतं ते ६० टक्के प्रमाण गाठायचं तर खोलीच्या आकाराच्या जवळजवळ ९० टक्के वायू लागतो. म्हणजे १० घनमीटर, वजनात १८ किलो. हा सगळा खालच्या दहा बाय बाराच्या खोलीत उतरला तर तिथल्या हवेचा चौथा हिस्सा कर्बवायू झाला. १० टक्क्यांनाच माणूस काही मिनिटांत बेशुद्ध होतो. कारखान्यात आठ तासांच्या पाळीसाठी मर्यादा ठरवलेली आहे ती अर्धा टक्का. यावरून अंदाज घ्या.

कॅमेरूनमध्ये न्योस नावाचं एक तळं आहे. २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री त्याच्या तळाशी साठलेला हाच वायू एकदम उसळून वर आला आणि दरीतनं खालच्या गावांत उतरला. साधारण १,७०० माणसं आणि ३,५०० जनावरं गेली.

आता किडीकडं. कीटकाला फुप्फुसं नसतात. अंगाच्या दोन्ही बाजूंना बारीक भोकं असतात, श्वासरंध्रं, आणि त्यांना झडपा. एरवी कीटक त्या झडपा बहुतेक वेळ मिटून ठेवतो, कारण उघड्या ठेवल्या की अंगातलं पाणी उडून जातं. हवेत कर्बवायू ५ टक्क्यांच्या आसपास गेला की झडपा उघड्याच राहतात, मिटता येत नाहीत. मग अंग आतून सुकत जातं, शिवाय रक्त आम्लधर्मी होतं. कीड निव्वळ गुदमरून मरत नाही, बरीचशी वाळून मरते.

पण इथंच गोम आहे. याला वेळ लागतो. जनुकशास्त्राच्या प्रयोगशाळेत फळमाश्या मोजायच्या असल्या की त्यांच्यावर हाच वायू सोडतात. माश्या पटापट आडव्या होतात, त्यांना ब्रशनं इकडंतिकडं करून मोजतात, वायू बंद केला की थोड्या वेळात उठून उडतात. म्हणजे तासाभराच्या कर्बवायूनं किडीला भूल बसेल.

झाडाच्या भल्याचं म्हणाल तर, हवेत आत्ता साधारण ४२० पीपीएम आहे, म्हणजे ०.०४ टक्के. हरितगृहवाले तो ८०० ते १,००० पीपीएमपर्यंत नेतात, त्यानं वाढ सुधारते. ६० टक्के म्हणजे सहा लाख पीपीएम. मीठ चवीला लागतं म्हणून कुणी वाटीभर मीठ खात नाही.

कट_वाढा | १७ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

काकू, तुमच्या वर्गात असतो तर पास झालो असतो.

पेटीतला_मासा | १७ फेब्रुवारी, सकाळी ९:१२

आम्ही मत्स्यपेटीतल्या झाडांना वायू द्यायला बाटलीत साखर, यीस्ट आणि कोमट पाणी ठेवतो. बुडबुडे येत राहतात. सिलेंडर कशाला पाहिजे? नाहीतर खायचा सोडा आणि व्हिनेगर. सोपं काम.

रसायनवाली_काकू | १७ फेब्रुवारी, सकाळी १०:०१

सोपं आहे, मोजून बघा. ८४ ग्रॅम खायच्या सोड्यातून ४४ ग्रॅम कर्बवायू मिळतो, म्हणजे साधारण २४ लिटर. दोनशे लिटरच्या ड्रमात ६० टक्के गाठायला, गळती धरून, १८० लिटर तरी हवा. सव्वासहाशे ग्रॅम सोडा आणि नऊ-दहा लिटर व्हिनेगर. ड्रमपुरतं एकवेळ जमेल, पण घरात महिनाभर लोणच्याचा वास राहील.

यीस्ट तर फारच हळू. एक किलो साखरेतून सगळं नीट झालं तर अर्धा किलो वायू, तोही काही दिवसांत मिळून. तोवर डासांची जत्रा भरेल. डासाची मादी माणसाला शोधते तीच श्वासातल्या कर्बवायूच्या मागावर, आणि डासांच्या सापळ्यात यीस्टची बाटली मुद्दाम ठेवतात.

शिरोळ_पॉलिहाऊस | १७ फेब्रुवारी, दुपारी २:४५

आमचं दहा गुंठ्याचं जरबेराचं पॉलिहाऊस आहे. पांढरी माशी, फुलकिडे, कोळी, तिन्ही पाहुणे कायमचे. बाहेरच्या देशात बंद हरितगृहात १ टक्का कर्बवायू काही तास ठेवून कोळी मारतात असं ऐकलं होतं, म्हणून काकूंच्या रीतीनं हिशोब केला.

दहा गुंठे, सरासरी उंची साडेचार मीटर, झाले साडेचार हजार घनमीटर. १ टक्क्याला ८० किलो, म्हणजे तीस किलोचे तीन सिलेंडर. वाटलं, जमतंय की! मग वर बघितलं. आमच्याकडची सगळी पॉलिहाऊस वाऱ्यावर चालणारी, माथ्याला उघडी खिडकी, बाजूचे पडदे गुंडाळायचे. सगळं बंद केलं तर मार्चच्या दुपारी आत भट्टी होते, फुलं शिजतील. उघडं ठेवलं तर वायू चालला नृसिंहवाडीला दर्शनाला. ६० टक्क्यांचा हिशोबही मांडला. किमान पाच टन, दीडशेवर सिलेंडर. तेवढ्यात दुसरं पॉलिहाऊस उभं राहील.

निळे-पिवळे चिकट सापळे आणि व्हर्टिसिलियम लेकॅनी ही किडीवर वाढणारी बुरशी, यावर आमची गाडी चालू आहे. उसावर २००२ ला लोकरी मावा आला तेव्हा सगळ्यांनी फवारून फवारून हात टेकले होते. शेवटी डिफा अळी आणि मायक्रोमस या मित्रकिडींनीच त्याला खाऊन आवरला.

कळंबा_गच्ची | २३ फेब्रुवारी, रात्री ९:३०

मंडळी, राहवलं नाही. करून बघितलं. ओरडू नका, उघड्या गच्चीवर केलं, वारं होतं, आणि भाऊ बरोबर होता.

सोडावाल्या मित्राकडनं छोटा सिलेंडर आणला. एक जास्वंदीची कुंडी मोठ्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत घातली, नळी तळाशी सोडली, पिशवीचं तोंड वर थोडं उघडं ठेवलं म्हणजे हवा तिथनं जाईल. चावी उघडल्यावर दोन मिनिटांत रेग्युलेटरवर पांढरं दव गोठलं, बोट चिकटलं. पिशवीच्या तोंडाशी पेटती काडी धरली तर फस्सकन विझली. म्हटलं भरली. तोंड बांधलं. तास लावला.

मजा अशी की आधी मुंग्या पडल्या. पिठ्या ढेकणाचा गोड रस खायला त्या खोडावर वर-खाली करत असतात ना, त्या एकेक करून सुटल्या आणि मातीवर पडल्या, मोहरी सांडावी तशा. ढेकूण तसेही हलत नाहीत, त्यामुळं त्यांचं काही कळेना. तासानं पिशवी काढली. भाऊ म्हणाला, मेल्या. मी चहा घेऊन वर आलो तोवर पहिली मुंगी पाय झाडत होती. अर्ध्या तासात सगळी पलटण पुन्हा खोडावर. भिंगातून बघितलं, ढेकूणही पाय हलवत होते.

काकू, तुम्ही म्हणाला तेच झालं. भूल.

रसायनवाली_काकू | २३ फेब्रुवारी, रात्री १०:१०

शाबास, निदान मोकळ्यावर केलंत. काडीबद्दल एक सांगतो. काडी, मेणबत्ती साधारण १५-२० टक्के कर्बवायूलाच विझते. म्हणजे तुमच्या पिशवीत ६० होता की २० हे तिनं सांगितलंच नाही. वजन करा. सिलेंडर आधी आणि नंतर काट्याला लावला की किती ग्रॅम गेला ते कळतं. एक लिटर वायू म्हणजे १.८ ग्रॅम.

हरिपूरचा_नातू | २४ फेब्रुवारी, सकाळी ८:२०

काडीवरनं आठवलं म्हणून लिहितो. मी सांगलीजवळच्या हरिपूरचा. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या आमच्या गावात हळदीची पेवं होती, शेकड्यांनी. जमिनीत खोल खड्डा, तोंड अरुंद, पोट मोठं. आत चटया आणि पाला लावायचा, हळद भरायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. वर्षानुवर्षं हळदीला कीड नाही. आजोबा म्हणायचे, पेवात भुंगा शिरला तरी त्याला दुसरा दिवस दिसत नाही. आत हवा खेळत नाही. हळद, पाला, जे काही जिवंत असेल ते श्वास घेऊन घेऊन प्राणवायू संपवतं आणि कर्बवायू साठतो. तुम्ही सिलेंडरनं करताय ते आमच्याकडं माती करत होती.

पेव उघडलं की कुणी लगेच उतरत नसे. काही तास उघडं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून सोडायचा. कंदील विझला तर अजून थांबा. २००५ च्या महापुरात पाणी पेवांत शिरलं आणि बहुतेक पेवं गेली. आता हळद शीतगृहात असते.

रसायनवाली_काकू | २४ फेब्रुवारी, सकाळी ९:००

नातू, फार छान लिहिलंत. पण कंदिलाच्या भरवशावर आज कुणी विहिरीत किंवा टाकीत उतरू नका. वर आकडे दिलेत तेच पुन्हा बघा: ज्योत विझते १५-२० टक्क्यांना, माणूस आडवा होतो १० टक्क्यांना. कंदील तेवत असतानाही माणूस जाऊ शकतो. म्हणजे सिलेंडरच्या वायूत उतरणाऱ्या माणसासाठी कंदील उशिरा विझेल आणि कळंब्याच्या किडीसाठी काडी लवकर विझली. पेवात प्राणवायूच संपलेला असायचा म्हणून कंदील बऱ्यापैकी खरं सांगायचा, सिलेंडरच्या वायूला तो नियम लागत नाही.

फौंड्रीवाला | २४ फेब्रुवारी, सकाळी ९:४०

बरोबर. आणि नाकात झोंबायला लागलं तर तिथनं बाजूला व्हा. सोडा पिऊन ढेकर नाकातून आला की कसं झोंबतं, तसंच.

शिरोळ_पॉलिहाऊस | २४ फेब्रुवारी, दुपारी १:१५

एक चांगली माहिती मिळाली. जपानात स्ट्रॉबेरीची रोपं लावणीआधी बंद कक्षात ठेवतात, ६० टक्के कर्बवायू, ३० अंश तापमान, २४ तास. कोळी अंड्यासकट मरतो आणि रोप टिकतं. शेतात फवारणी करण्याऐवजी रोपच स्वच्छ करून लावायचं. थंडीत जमत नाही म्हणे, किडीचा श्वास मंद असतो. कळंब्यानी तासाऐवजी दिवस ठेवून बघावं. ऊन वाढू द्या.

कट_वाढा | २४ फेब्रुवारी, दुपारी १:२०

नाद खुळा. किडीला एसी खोली नको, हीटर पाहिजे.

कळंबा_गच्ची | १९ मार्च, रात्री ८:५०

दुसरा प्रयोग. या वेळी नीट केला, त्यामुळं नीट लिहितो.

दोनशे लिटरचा निळा ड्रम, कडीचं झाकण. गच्चीच्या सावलीच्या कोपऱ्यात. आत तीन कुंड्या: लहान जास्वंद, मिनी गुलाब, अडेनियम. रद्दीवाल्याकडनं लटकवायचा काटा आणला. नळी तळाला, झाकण वर तिरकं ठेवून हळूहळू सोडला. जोरात सोडला की हवेत घुसळतो आणि वाया जातो, हे फौंड्रीवाल्यांनी फोनवर बजावलं होतं. काटा ३५० ग्रॅम कमी दाखवेपर्यंत सोडला, मग झाकण लावून कडेनं चिकटपट्टी. ड्रमवर खडूनं लिहिलं, 'उघडू नका, वाकू नका'. जिन्याच्या दाराला कुलूप. दुपारी ड्रमाजवळ ३१ अंश. बरोबर चोवीस तासांनी वाऱ्याच्या बाजूला उभं राहून झाकण काढलं आणि ड्रम आडवा करून अर्धा तास सोडून दिला.

पहिल्या दिवशी: मुंग्या उठल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी: गुलाबाच्या पानामागं भिंगातून एकही हलणारा कोळी नाही. जाळी आहे, रहिवासी नाही. जास्वंदीवरचे ढेकूण तपकिरी पडून सुकले, नखानं टोकरले की भुकटी. अडेनियमनं मात्र अर्धी पानं टाकली, आणि जास्वंदीच्या सगळ्या कळ्या गळल्या, तीन पानं पिवळी.

नवव्या दिवशी सकाळी पाणी घालताना जास्वंदीच्या बेचक्यात कापसाचा एक पुंजका दिसला. भिंग लावलं. पुंजक्यातून अगदी बारीक, फिकट गुलाबी पिल्लं बाहेर येत होती. एक, दोन, नंतर मोजायचं सोडलं.

शिरोळ_पॉलिहाऊस | १९ मार्च, रात्री ९:१५

अंडी वाचली. कापसात गुंडाळलेली अंडी श्वासच थोडा घेतात, त्यांना मारायला जास्त वेळ लागतो. पुंजका आधी काडीनं काढून टाकायला हवा होता.

रसायनवाली_काकू | १९ मार्च, रात्री ९:४०

किंवा दहा दिवसांनी, पिल्लं बाहेर आल्यावर आणि नवीन अंडी पडायच्या आधी, दुसरी पाळी. पण जास्वंद दुसऱ्यांदा सोसेल असं मला वाटत नाही. तुमचं गुलाबाचं निरीक्षण मोलाचं आहे. नर्सरीतून आणलेलं नवीन रोप बाकीच्या कुंड्यांत मिसळायच्या आधी एक दिवस ड्रममध्ये, एवढ्यापुरता हा उपाय मला पटतो. साठ कुंड्यांना नाही. जास्वंदीला नळीनं पाण्याचा जोरदार फवारा, चार दिवसांआड, आणि मुंग्यांची वाट बंद करा. मुंग्या गेल्या की ढेकणाला राखणदार राहत नाही.

कोरड्या बर्फानं कुणाला करायचं असेल तर झाकण कधीही घट्ट लावू नका. एक किलो बर्फाचा साडेपाचशे लिटर वायू होतो, ड्रम फुटतो. आणि तो उणे ७८ अंशाचा असतो, हाताला लागला तर भाजतं.

हरिपूरचा_नातू | २० मार्च, सकाळी ७:५५

काकू, धान्याला चालेल का हे? पेवासारखंच झालं की.

रसायनवाली_काकू | २० मार्च, सकाळी ८:३०

धान्यालाच खरं चालतं. धान्याला ना कळ्या गळायची भीती ना पानं. ६० टक्के कर्बवायू, २५ अंशांच्या वर तापमान, आणि दहा-अकरा दिवस बंद. सोंडे, पोरकिडे आणि त्यांची अंडीसुद्धा जातात. खापरा भुंग्याची अळी मात्र फार चिवट, ती सुप्तावस्थेत गेली की याहून जास्त दिवस लागतात. घरात धान्यात टाकायच्या त्या फॉस्फीनच्या गोळ्यांपेक्षा हजारपट बरं, त्या गोळ्या घरात आणूच नयेत.

एकच अट, धान्य आधी कडक वाळवा. वायू कीड मारतो, ओल काढत नाही. ओलं धान्य बंद केलं तर बुरशी आणि आंबूस वास.

कळंबा_गच्ची | २० मार्च, सकाळी ९:१०

हे आईनं माझ्या खांद्यावरनं वाचलं. गावाकडनं दोन पोती शाळू आलाय. तिचं म्हणणं, तो निळा ड्रम आता खाली आण. किती वायू लागेल काकू?

रसायनवाली_काकू | २० मार्च, सकाळी ९:२५

भरलेल्या ड्रमात दाण्यांच्या मधली जागा साधारण ८० लिटर. दाणाही थोडा वायू शोषतो, म्हणून अडीचशे ग्रॅम धरा. भरणं गच्चीवर, ड्रम अकरा दिवस गच्चीवरच, उघडणंही गच्चीवर. पण आधी सांगा, ड्रम कुठला?

कळंबा_गच्ची | २० मार्च, सकाळी ९:३१

एमआयडीसीतल्या भंगारवाल्याकडचा. स्वच्छ धुतलाय.

फौंड्रीवाला | २० मार्च, सकाळी ९:३३

आधी काय होतं त्यात?

कळंबा_गच्ची | २० मार्च, सकाळी ९:५०

आत्ता बघून आलो. लेबल खरवडलेलं आहे. कोपऱ्यात नुसतं कवटीचं चित्र उरलंय.

रसायनवाली_काकू | २० मार्च, सकाळी ९:५२

आईंना फोनवर द्या.